सन कोरल उघडतं, महिन्याभरात परत मिटतं: माझ्या टँकमध्ये तीन वेळा तीन वेगळी कारणं निघाली

गेल्या दोन महिन्यांत मला तीन जणांनी त्यांच्या टँकमधल्या, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतल्या, सन कोरलचा जवळजवळ सारखाच फोटो पाठवलाय. नारिंगी गोळा, सगळी तोंडं मिटलेली, दोन-चार ठिकाणी सांगाड्याची पांढरी कड दिसतेय आणि खाली प्रश्न, "आणलं तेव्हा फुलासारखं उघडायचं, आता पंधरा दिवस बंद आहे, लाईट कमी पडतोय का?" एक जण ठाण्यात घोडबंदरला राहतात, दोघं इकडे नवी मुंबईतले. तिघांनाही फोनवर सांगून झालं पण प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, थोडं लांबलंय पण घाई करू नका, कारण हे कोरल घाईघाईत केलेल्या उपायांनीच जास्त मरतं.

माझा टँक नेरुळला, तीन फूट बाय दीड बाय दीड, काचेत साधारण १९० लिटर पाणी बसतं, खाली कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, आहे. सन कोरल दोन वर्षांपासून आहे. आणलं तेव्हा मोजले होते, ३२ पॉलिप (एक पॉलिप म्हणजे कोरलचं एक तोंड). या दोन वर्षांत ते तीन वेळा पूर्ण मिटलं आणि तिन्ही वेळा मी आधी चुकीच्या गोष्टीच्या मागे लागले.

लाईटचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. आपली नेहमीची रीफ कोरलं म्हणजे हॅमर, टॉर्च, अॅक्रोपोरा वगैरे, त्यांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडात अन्न बनवतं आणि कोरलच्या खाण्याचा मोठा वाटा तिथूनच येतो. सन कोरलमध्ये म्हणजे ट्युबास्ट्रियामध्ये हे शेवाळ नसतंच. तो नारिंगी-पिवळा रंग त्याचा स्वतःचा. समुद्रात हे खडकाच्या कपारीत, गुहेच्या छताला, जिथे ऊन पोचत नाही पण प्रवाह जोरात असतो अशा जागी वाढतं आणि वाहत आलेलं प्लँक्टन पकडून जगतं. त्यामुळे लाईट वाढवून काहीही होणार नाही, झालंच तर उघड्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ धरेल. दगडाच्या आडोशाला, कपारीत, पण पाणी हलतंय अशा जागी ठेवा, बस.

आणि हे कोरल नाजूक आहे ही समजूत पण काढून टाका. ट्युबास्ट्रिया कॉक्सिनिया मूळची हिंदी आणि प्रशांत महासागरातली, ती कॅरिबियन समुद्रात १९४३ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली आणि नंतर तिकडे आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर एवढी पसरली की आज ती तिथे घुसखोर जात म्हणून डोकेदुखी झालीय, तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या खांबांवर, जहाजांच्या तळाला सुद्धा वाढते. एवढं चिवट जनावर आपल्या हॉलमधल्या टँकमध्ये मरतं ते बहुतेक वेळा उपाशी राहून.

पहिली वेळ: उपासमार

माझं पहिलं मिटणं याच कारणाने होतं आणि मला येणाऱ्या फोटोंमध्ये पण बहुतेक हेच असतं. मी रोज रात्री फ्रोजन मायसिसचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांचा, एक क्यूब टँकमध्ये सोडत होते, वाटायचं कोरल खातंय. प्रत्यक्षात दोन क्लाउनफिश, एक गोबी आणि क्लीनर श्रिंप मिळून सगळं संपवत होते, आणि जे एखादं कोरलच्या टेंटॅकलला, म्हणजे तोंडाभोवतीच्या सोंडेला, चिकटायचं ते श्रिंप येऊन अक्षरशः तोंडातून ओढून काढायचं. हे मला कळलं कधी, तर एका रात्री लाल सेलोफेन लावलेला टॉर्च घेऊन अर्धा तास नुसती समोर बसले तेव्हा. एका पॉलिपने मायसिस पकडलं, टेंटॅकल हळूहळू आत वळवत तोंडापर्यंत आणलं, तोंड थोडं उघडलं, तेवढ्यात श्रिंपने पाय घालून ते उचललं आणि पॉलिप मिटला. पाच मिनिटांत तीन पॉलिपचं असं झालं. असं रोज होत असेल तर ते उघडणार तरी कशाला?

उपाशी सन कोरल ओळखायचं कसं ते नीट बघा. भरल्या पोटाचा पॉलिप मिटलेला असला तरी गुबगुबीत दिसतो, वरचा भाग फुगलेला, दोन पॉलिपच्या मधलं मांस जाड आणि रंगाने गडद. उपाशी असेल तर मधलं मांस आधी पातळ होतं, आतला सांगाडा त्यातून झिरपल्यासारखा दिसायला लागतो, मग पॉलिप सांगाड्याच्या ज्या वाटीत बसतो तिची कड पांढरी दिसते, मग मांस वाटीच्या आत आत ओढलं जातं. कड दिसायला लागली म्हणजे बरेच आठवडे खाणं कमी पडलंय असं समजा. पण मांस शिल्लक आहे तोपर्यंत परत येतं, माझ्याकडे अगदी वाटीच्या तळाशी उरलेले चार पॉलिप परत आलेत, त्यामुळे टाकून देऊ नका.

उपाय असा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या, स्वच्छ धुवा, मधोमध कापा, झाकणाकडचा अर्धा भाग कोरलवर उपडा ठेवायचा. झाकण काढलं की वर तोंड मोकळं राहतं, तिथून खाणं आत सोडता येतं आणि मासे-श्रिंप बाहेर राहतात. कापलेली कड मेणबत्तीवर जरा शेकून घ्या, नाहीतर मांसाला लागते. कोरल मोठं असेल किंवा दगडाला असं चिकटलं असेल की बाटली बसत नाही, तर कोरल उचलून टँकच्याच पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवून तिथे खाऊ घाला, फक्त हवेत उचलायचं ते मिटलेलं असताना, उघडलेलं असताना बाहेर काढलं तर पाण्याच्या वजनाने मांस सांगाड्यावर फाटतं.

वेळ ठरवून घ्या. मी रात्री साडेनऊची धरलीय, तेव्हा टँकचा लाईट पण बंद झालेला असतो. सगळे पंप बंद, बाटली वर ठेवली, आणि विरघळवलेल्या खाण्याचं पाणी ड्रॉपरने चार-पाच थेंब आत सोडायचं. मग पंधरा-वीस मिनिटं काहीही करायचं नाही. वास लागला की आधी तोंडाभोवतीचा भाग फुगतो, मग टेंटॅकलची टोकं पिवळ्या ठिपक्यांसारखी बाहेर येतात, मग उघडतं. पूर्ण बंद पडलेलं कोरल पहिल्या दिवशी उघडेलच असं नाही, माझं सहाव्या रात्री उघडलं, रोज त्याच वेळी तेच करत राहायचं, वेळ बदलू नका. मधल्या दिवसांत जे पॉलिप नुसते फुगतात, उघडत नाहीत, त्यांच्या तोंडावर सायक्लॉप्ससारखं अगदी बारीक खाणं हलकेच सोडायचं, काही चिकटतं, तेवढं पुरतं. ड्रॉपरने टोचून उघडायचा प्रयत्न कृपा करून कोणी करू नका.

उघडलं की प्रत्येक पॉलिपला वेगळं द्यायचं. हा मुद्दा मी प्रत्येकाला फोनवर दोन-दोनदा सांगते. एका पॉलिपने खाल्लं की शेजारच्याचं पोट भरेल असं धरून चालू नका, समोरचे पंधरा गुबगुबीत आणि मागचे दहा वाळलेले असं कोरल मी स्वतः करून ठेवलं होतं, कारण ड्रॉपर पुढून जायचा. एकेका पॉलिपला एक किंवा दोन मायसिस, आठवड्यातून किमान तीन वेळा, सुधारत असेल तर एक दिवसाआड. अर्धा तास बाटली ठेवायची, कारण गिळायला त्यांना वेळ लागतो. मग बाटली काढायच्या आधी तळाला पडलेलं उरलंसुरलं एअरपंपच्या बारीक पाईपने ओढून घ्यायचं. आणि पंप परत चालू करायला विसरायचं नाही, मी मोबाईलला अलार्म लावते, कारण एकदा स्वयंपाकघरात गेले आणि दीड तास रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये आणणारा) बंद राहिला.

खायला काय द्यायचं? फ्रोजन मायसिस, सायक्लॉप्स, माशाची बारीक अंडी, आर्टेमिया चालेल पण एकटं आर्टेमिया नको, त्यात फारसा दम नसतो. आणि आपल्याकडे मिळणारी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ताजा जवळा. नेरुळच्या मार्केटात उरण-करंजाकडचा जवळा घेऊन मावशी बसतात, एक-दीड सेंटीमीटरचा असतो, सन कोरलच्या तोंडाला अगदी मापात. मोठा असेल तर अर्धा करायचा. धुवायची पद्धत मला सासूबाईंनी शिकवली. मी पहिल्यांदा चाळणीत घेऊन नळाखाली धरला तर त्या म्हणाल्या, "अगं, असा धारेखाली धरू नको, फुटून सगळा लगदा होईल. पातेल्यात पाणी घे, त्यात सोड, वाळू खाली बसेल, जवळा वरून हाताने उचल." तसं तीन पाण्यांत करते, शेवटचं पाणी आरओचं. मग झिपच्या पिशवीत पापडासारखा पातळ थर पसरून फ्रीझरमध्ये, म्हणजे रोज लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. सुका जवळा मात्र नको, त्यात मीठ आणि वाळू असते आणि तो पाण्यात फुगून कुजतो.

जवळा मे महिन्यातच भरून ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा बाजारात ताजा माल कमी आणि कधीचा आहे ते कळत नाही. आणि पावसात लाईट जाते. फ्रीझरमधलं खाणं पूर्ण विरघळून परत गोठलं असेल तर ते टाकून द्या, जीव दुखतो पण टाका, असलं खाणं पाण्यात पडल्या पडल्या लगदा होतं, कोरलच्या तोंडात काही जात नाही आणि सगळं पाण्यात मिसळतं. मी एका छोट्या वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवलंय, नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजायचं मध्ये बराच वेळ लाईट नव्हती.

दुसरी वेळ: शेवाळ आलं म्हणून खाणं कमी केलं

हे चक्र जवळजवळ सगळे करतात. खाणं नीट सुरू झालं, कोरल टरारलं, पाच महिने छान गेले, आणि मग मागच्या काचेवर आणि दगडावर हिरवं केसाळ शेवाळ. टेस्ट केली तर नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट ०.३ (खाण्यातून पाण्यात साठणारे हे दोन घटक म्हणजे शेवाळाचं खत). घाबरून मी खाणं आठवड्यातून एकदा केलं. दीड महिन्यात नायट्रेट खाली आलं आणि सन कोरल परत मिटलं. परत खाऊ घातलं, उघडलं, शेवाळ परत. म्हणजे एक सुधारलं की दुसरं बिघडतंय, आणि मला वाटत होतं टँकच खराब आहे.

बघा, या कोरलला नायट्रेटचा स्वतःला फार त्रास होत नाही. त्रास होतो तो शेवाळाचा, कारण जिथे मांस मागे सरलंय त्या उघड्या सांगाड्यावर शेवाळ धरतं आणि मग मांस परत पुढे यायला जागाच राहत नाही. आणि टँकमधल्या बाकीच्या कोरलांना वाढलेलं फॉस्फेट त्रास देतं ते वेगळंच. त्यामुळे नंबर खाली आणायचेत, पण खाण्याचा हात आखडून आणायचे नाहीत. जेवढं आत टाकताय तेवढं बाहेर काढायची सोय वाढवा.

मी पण आधी पाणी बदलत सुटले. हिशोब करून बघा, नायट्रेट २० आहे आणि तुम्ही १० टक्के पाणी बदललं तर १८ होतं, आणि पुढच्या आठवड्याच्या खाण्याने ते परत २० वर जाऊ शकतं. पाणी बदलायचंच, मी दर रविवारी २० लिटर बदलते, पण एकट्या त्याच्यावर हा टँक चालणार नाही. खरा फरक पडला तो या गोष्टींनी: फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणाऱ्या कापडी पिशव्या, आठवड्याने बदलायचे ते दर दोन दिवसांनी बदलायला लागले, कारण सॉकमध्ये अडकलेलं खाणं तिथेच कुजतं आणि पाण्यातच परत येतं, म्हणजे सॉक असूनही काही फायदा नाही. सहा सॉक घेऊन ठेवलेत, ब्लीचमध्ये भिजवून, खळखळून धुवून, पूर्ण वाळवून फिरवते. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, आधीपेक्षा जरा ओला चालवला, म्हणजे कपात घट्ट काळा चिखल येण्याऐवजी चहाच्या रंगाचं पाणी जास्त येतं, कप रोज रिकामा करावा लागतो पण घाण जास्त निघते. आणि संपमध्ये कीटोमॉर्फा, आपण कीटो म्हणतो ते तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ, त्यावर रात्रभर लाईट. दर पंधरा दिवसांनी मूठभर तोडून फेकते, ते फेकलेलं शेवाळ म्हणजे पाण्यातून बाहेर गेलेलं नायट्रेट-फॉस्फेटच.

फॉस्फेटसाठी जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) वापरत असाल तर डब्यावर लिहिलंय त्याच्या अर्ध्याने सुरू करा, एकदम खाली आणलं की बाकीच्या एसपीएस (बारीक पॉलिपच्या) कोरलांची टोकं जळतात. फ्रोजन क्यूब चहाच्या गाळणीत धुवून घालायचा हे सगळे सांगतात, मी पण करते, त्याने बारीक चुरा टँकमध्ये जात नाही हे खरं, पण फॉस्फेट मुळात खाण्याच्या आतच असतं, त्यामुळे नुसतं धुवून तो प्रश्न सुटेल असं समजू नका.

आता माझं नायट्रेट १० ते १५ च्या मध्ये असतं, फॉस्फेट ०.०५ ते ०.१, आणि कोरलला एक दिवसाआड खायला मिळतं. त्याहून खाली आणायच्या मागे मी लागत नाही.

अल्कलिनिटीचं पण इथेच सांगते, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या पाण्यातल्या कार्बोनेटचं, ते केएच किंवा डीकेएचमध्ये मोजतात. मला वाटायचं की याला उजेड लागत नाही म्हणजे हे फारसं वाढत नाही, डोसिंग, म्हणजे हे क्षार वरून घालणं, कशाला. पण हे पण हार्ड कोरलच आहे, सांगाडा कॅल्शियमचाच बांधतं, पोटभर खायला लागल्यावर तर चांगलंच ओढतं. एकदा केएच ६.५ वर गेलेला मला कळलाच नव्हता. ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, एवढं सांभाळा.

तिसरी वेळ: पिवळी गोगलगाय

ही वेळ मला सगळ्यात जास्त लागली. खाणं वेळेवर, नंबर नीट, तरी उजव्या बाजूचे सहा पॉलिप मिटले आणि आठ दिवसांत त्यातल्या दोघांचं मांसच गेलं, स्वच्छ पांढरी वाटी राहिली. उपासमारीत मांस हळूहळू पातळ होतं, इथे शेजारचा पॉलिप गुबगुबीत आणि हा एकदम रिकामा. हा फरक लक्षात ठेवा, एकाच बाजूला आणि झपाट्याने जात असेल तर कोणीतरी खातंय.

रात्री एक वाजता टॉर्च घेऊन बघितलं तरी वरून काहीच दिसेना. शेवटी कोरल उचलून टँकच्या पाण्याच्या पांढऱ्या टबमध्ये उलटं धरलं, तर बुडाशी, दगड आणि सांगाडा जिथे जुळतात त्या खाचेत, नखाएवढी पिवळी गोगलगाय. रंग असा हुबेहूब की पहिल्यांदा मला तो मिटलेला छोटा पॉलिपच वाटला, हलली तेव्हा कळलं. शेजारी पिवळ्या दाण्यांचा झुपका, ती तिची अंडी. ही वेंटलट्रॅप जातीची, एपिटोनियम बिलीॲनम, सन कोरल आणि त्याच्या भाऊबंदांवरच जगते. फेस्टिला मेलानोब्रॅकिया नावाचा एक न्यूडिब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) पण आहे, तो पण हेच खातो आणि खाईल त्या कोरलचा रंग घेतो, त्यामुळे तोही असाच लपतो.

शोधल्यावर आणखी दोन निघाल्या, चिमट्याने तिघी काढल्या, अंड्यांचे झुपके जुन्या मऊ टूथब्रशने घासून काढले, मग कोरल बुडवून काढायला मिळतो तो आयोडीनचा डिप, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि वेळेत. डिपने मोठ्या गोगलगायी सुटून पडतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून एकदा करून भागत नाही. मी दर पाच दिवसांनी असं सहा वेळा केलं, चौथ्या वेळेला पण तांदळाच्या दाण्याएवढी एक सापडली होती. डिपचं पाणी टँकमध्ये परत टाकायचं नाही, कोरल दुसऱ्या स्वच्छ पाण्यात खळबळून मग आत. आणि डिपच्या रात्री खाऊ घालायचं नाही, दुसऱ्या दिवशी घालायचं.

ती आली कुठून याचं उत्तर साधं आहे, मी दुसरं छोटं सन कोरल आणलं ते थेट मोठ्या टँकमध्ये ठेवलं. आता काहीही नवीन आणलं की तीन आठवडे वेगळ्या दहा लिटरच्या छोट्या टँकमध्ये, आणि दर आठवड्याला बूड तपासायचं.

ऋतूंचं थोडंसं

आपल्याकडे मे आणि जुलै हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मे महिन्यात दुपारी पाणी ३० अंशांवर जातं, गरम पाण्यात कोरलचं अंग जास्त वेगाने चालतं म्हणजे भूक पण वाढते, त्याच खाण्यात ते जास्त वाळतं. संपवर पंखा लावला की उन्हाळ्यात दोन-अडीच अंश सहज उतरतात, कारण पाणी भराभर उडतं. पण जुलैत हवाच ओली, पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरतो. चिलर असेल तर उत्तम, नाहीतर खोलीचा एसी. मी २५-२६ वर ठेवते.

याच्याशीच जोडलेली एक गडबड मी केलीय. टॉपअप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई, टायमरवर होता, रोज ठरलेले चार लिटर आरओ पाणी. मे महिन्यात बरोबर होतं, जुलैत रोज दीड लिटर पण उडत नव्हतं, संप भरत चालला की मी जास्तीचं पाणी काढायची, आणि त्याबरोबर मीठ पण बाहेर. सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२२ वर आली तेव्हा सगळीच कोरलं रुसलेली. फ्लोट सेन्सरचा टॉपअप लावा, आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवा. १.०२५-१.०२६ पाहिजे. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येतं तेव्हा आरओचा पहिला सेडिमेंट फिल्टर पंधरा दिवसांत तपकिरी होतो, तो बदला आणि शेवटी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य येतोय ना ते बघा.

आणि लाईट जाण्याची शक्यता असेल, सकाळी मेसेज आला असेल, त्या रात्री खाऊ घालू नका. भरपूर खाणं पडलेलं आणि पंप बंद, असं झालं तर पाण्यातला ऑक्सिजन फार लवकर संपतो. बॅटरीवरचा छोटा एअरपंप घरात असू दे.

विकत घेणाऱ्यांसाठी

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही या जातीची कोरलं आहेत, पण समुद्रातून एक तुटका तुकडासुद्धा उचलायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी हार्ड कोरलं, ब्लॅक कोरल आणि सी फॅन २००१ पासून आहेत. बाहेरून येणाऱ्या हार्ड कोरलांना साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियम लागतात, आणि साइट्सच्या यादीतले सजीव घरी असतील तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असे नियम २०२४ मध्ये आलेत. विकणाऱ्याकडे आयातीचे कागद मागा, टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी.

घेताना सकाळी दुकानात ते मिटलेलं असणार हे धरून चला, मांस वाटीच्या कडेपर्यंत आहे का आणि बूड स्वच्छ आहे का ते बघा. आणि तिथलेच कोणीतरी सांगतील की हे कार्नेशन पण घ्या, डेंड्रोनेफ्थिया, गुलाबी-लाल, खरंच डोळे ठरत नाहीत असं दिसतं. मी हात जोडून सांगते, घेऊ नका. सन कोरलला तुम्ही चिमट्याने भरवू शकता, कार्नेशनला नाही. लाल समुद्रातल्या कार्नेशनवर १९९५ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध झालं त्यात दिसलं की ते मुख्यतः फायटोप्लँक्टन खातं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं खाणं, दिवसरात्र, जोरदार प्रवाहात. तेवढं खाणं सतत घालून पाणी स्वच्छ ठेवणं घरच्या टँकमध्ये फार थोड्यांना जमलंय, बाकीच्यांकडे ते काही आठवड्यांत आक्रसून जातं.

मला फोटो पाठवणार असाल तर दिवसाचा नको, रात्री लाईट बंद केल्यावर दोन तासांनी काढलेला, एक समोरून आणि एक बुडाचा, आणि सोबत लिहा की शेवटच्या दहा दिवसांत कुठल्या रात्री काय खायला घातलं आणि किती पॉलिपनी खाल्लं. मी हे सगळं भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, "२८/३२" म्हणजे बत्तीसपैकी अठ्ठावीस जेवले. आता आकडा वाढलाय, बाजूच्या दगडावर पिल्लं धरलीत त्यांना धरून ४७ मोजते.

हल्लीचा नेहमीचा प्रश्न म्हणजे गणपतीला गावी जातोय, पाच-सात दिवस काय करायचं. आधीचे दोन आठवडे एक दिवसाआड पोटभर खाऊ घाला, निघायच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी शेवटचं, म्हणजे उरलेलं सगळं स्किमरमधून निघून गेलेलं असेल. भरल्या पोटाचं सन कोरल आठवडाभर काही न खाता राहतं. शेजाऱ्यांना फक्त टॉपअपची टाकी आणि माशांना चिमूटभर पेलेट एवढंच सांगा, कोरलचं ड्रॉपर त्यांच्या हातात देऊ नका. परत आल्यावर पहिल्या रात्री वासाचं पाणी आणि प्रत्येकाला एकच मायसिस, दुसऱ्या रात्री सुट्टी, तिसऱ्या रात्रीपासून नेहमीसारखं.